एका दिवसात उभे राहणारे कोठार

वाचकहो, पावसात सापडलेले गवत पुरते वाळू न देता त्याची गंजी लावली, आणि आठ दिवसांनी तिच्यात हात घालून पाहिला, तर आत चटका बसतो. हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. गंजी उघड्यावर असली तर गवत काळे पडेल, फार तर गंजी जाईल. आता अशी कल्पना करा की हीच गंजी एका प्रचंड लाकडी इमारतीच्या माळ्यावर भरलेली आहे. खाली तीस गाई बांधल्या आहेत, पलीकडे घोडे आहेत, शेजारच्या कप्प्यात वर्षाचे धान्य आहे, आणि हे सारे एकाच छपराखाली. गवतातली ऊब वाढत वाढत एका रात्री पेट घेते. किंवा उन्हाळ्यातल्या वादळात वीज पडते. दोन तासांत राहत्या घराखेरीज शेतकऱ्याजवळ काही उरत नाही.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत आमिश नावाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यापैकी कोणाचे कोठार असे जळाले, तर तो विमा कंपनीकडे जात नाही, कारण त्याने सहसा विमा उतरवलेलाच नसतो. दुसऱ्या दिवशी निखारे पुरते विझायच्या आत शेजारी फावडी घेऊन हजर होतात. राख, वाकलेले पत्रे, जळके वासे गाड्यांत भरून नेतात. आणि थोड्याच दिवसांनी, एके दिवशी पहाटे, शे-दोनशे माणसे कमरेला खिळ्यांची पिशवी बांधून त्या शेतावर उतरतात. संध्याकाळी तिथे नवे कोठार उभे असते.

१९८५ साली 'विटनेस' नावाचा एक चित्रपट निघाला, त्यात असा एक प्रसंग आहे. तेव्हापासून जगभर या प्रथेचे कौतुक होत आले आहे. चित्रपटात ते एखाद्या जत्रेसारखे वाटते. उन्हात घाम गाळणारी माणसे, टोपलीभर पाव, मागे गोड संगीत. चित्र खोटे नाही. पण नुसते चित्र पाहिले तर तो दिवस कशाच्या आधारावर उभा राहतो ते कळत नाही. ते सांगावे म्हणून हा प्रपंच.

आधी ही इमारत काय असते ते पाहू. इंग्रजीत तिला बार्न म्हणतात. आपल्या भाषेत तिला नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे गोठा वेगळा, खळे वेगळे, कणगी वेगळी. तिकडे हिवाळ्यात चार-चार महिने बर्फ. गुरे बाहेर चरू शकत नाहीत. म्हणून गुरे, चारा, धान्य आणि मळणीची जागा हे सगळे एकाच ठिकाणी आणावे लागते. पेनसिल्व्हेनियातली जुनी कोठारे उतारावर बांधलेली असतात. एका अंगाने पाहिले तर दोन मजली, दुसऱ्या अंगाने पाहिले तर एक मजली. खालच्या दगडी मजल्यात गुरे. वरच्या मजल्याला मागच्या बाजूने मातीचा चढ घातलेला, त्यावरून गवताने भरलेली गाडी घोड्यांसकट सरळ आत जाते. गवत वर उतरवायचे आणि वरूनच गाईंच्या पुढ्यात खाली सोडायचे, ही मोठी सोय. ही बांधणी स्वित्झर्लंडच्या डोंगरातून आलेली आहे, आणि ते लोकही मूळचे तिकडचेच. पुढे ते येईलच.

जुन्या काळी या इमारतीचा सांगाडा ओक वगैरे झाडांच्या जाड तुळयांचा असे आणि त्यात लोखंडी खिळा जवळजवळ नसे. एका लाकडाला चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात बसणारे कुसू, आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. सुतार कित्येक आठवडे आधीपासून अंगणात हे जोड तासून ठेवी आणि कुठला जोड कशात बसायचा हे ओळखू यावे म्हणून प्रत्येकावर पटाशीने खुणेचे आकडे कोरी. उभारणीच्या दिवशी दोन-तीन खांब आणि वरची आडवी तुळई अशी एकेक चौकट जमिनीवर जोडून तयार करीत. मग तीस-चाळीस माणसे ती एकदम उचलीत. आधी हातांनी, हात पुरेनात तेव्हा टोकाला लोखंडी अणी बसवलेल्या लांब काठ्यांनी. मुख्य सुताराने आरोळी द्यायची, सर्वांनी एकाच वेळी रेटा द्यायचा. यात एकाचा जरी रेटा चुकला तरी ती वजनदार चौकट माणसांवर येणार. म्हणून त्या वेळी दुसऱ्या कोणी बोलायचे नाही. हुकूम एकाचाच.

आज पद्धत बदलली आहे. पुष्कळ ठिकाणी गिरणीत कापलेले हलके लाकूड, लोखंडी खिळे आणि छपराला पत्रे वापरतात. पण दिवसाचा क्रम फारसा बदललेला नाही. सकाळी आधी चौकटी उभ्या राहतात, मग वासे चढतात, मग मुंग्या लागाव्यात तशी माणसे वर चढतात आणि चारी बाजूंनी हातोड्यांचा आवाज सुरू होतो. म्हातारी माणसे खाली लाकूड मोजून कापून देतात. लहान मुले खिळे आणि पाणी पुरवतात आणि वर पाहत राहतात. त्यांची शाळा तीच. कुणाला कोणते काम हे सांगत बसायची फारशी गरज पडत नाही, कारण प्रत्येकाने बापाबरोबर असे चार-दोन दिवस पाहिलेले असतात. दाढी राखलेली पण मिशी काढलेली, डोक्यावर गवती टोपी, विजारीला खांद्यावरून पट्टे, अशी ती माणसे. त्यांतला कोण मालदार आणि कोण कुळवाडी हे कपड्यांवरून ओळखू येत नाही, आणि येऊ नये म्हणूनच ते कपडे तसे आहेत.

आणि जेवण! मेरी एमा शोवॉल्टर या मेनोनाइट बाईंनी १९५० साली आपल्या समाजातल्या स्वयंपाकाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कोठार उभारणीच्या जेवणाची एक जुनी यादी छापली आहे. माणसे १७५. त्यांच्यासाठी लिंबाचे पाय ११५. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत गोड सारण घालून भाजलेला पदार्थ. शिवाय तळलेले गोड डोनट ५००, कोंबड्या १६, लहान पाव ३००, मोठे पाव १६, मांस, बटाटे, लोणची आणखी वेगळीच. यादी वाचून हसू येते, पण जरा विचार करा. इतके पाय कुठल्याही एका घरच्या भट्टीत होणे नाही. म्हणजे आदल्या दिवशी त्या पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांच्या भट्ट्या पेटलेल्या होत्या. छपरावर चढलेले पुरुष सर्वांना दिसतात. रात्रभर पीठ मळणाऱ्या बाया छायाचित्रात येत नाहीत. दुपारी मूक प्रार्थना करून पंगती बसतात, एक उठली की दुसरी.

आता 'एका दिवसात' या शब्दांविषयी. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, ती काढून टाकू. पाया आधीच घातलेला असतो. लाकूड आधीच कापून आणलेले असते. आतले कप्पे, दारे, गव्हाणी यांचे काम पुढे कित्येक दिवस चालते. एका दिवसात उभे राहतात ते सांगाडा, भिंती आणि छप्पर. तेही काही थोडे नव्हे.

आपल्याकडे सावड आणि इर्जिक हे दोन शब्द आहेत. सावडीत आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, दिवसाला दिवस असा हिशेब असतो. इर्जिकीत शेजारी आपापली औते घेऊन येतात, एकाचे रान एका दिवसात उरकतात, आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. आमिश लोकांची कोठार उभारणी इर्जिकीच्या जातीची आहे. ते अशा कामाला 'फ्रॉलिक' म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ मौज, बागडणे. कोण किती दिवस आला याची वही कोणी ठेवत नाही. ज्याचे कोठार जन्मात कधी जळले नाही तो चाळीस वर्षे दुसऱ्यांची कोठारे बांधत राहतो, आणि त्याचे येणे राहिले असे कोणी म्हणत नाही.

इथे एक समजूत दूर केली पाहिजे. ही प्रथा आमिश लोकांनी काढलेली नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत सगळेच शेतकरी अशीच कोठारे उभारीत. रान नवे, मजूर मिळत नाही, पैसा नाही, आणि पाच-सात माणसांनी उचलणार नाही असली ती चौकट. मग शेजाऱ्याला हाक मारण्यावाचून गत्यंतर कुठले? पुढे आगगाड्या आल्या, गिरण्यांचे हलके लाकूड आले, कंत्राटदार आले, विमा कंपन्या आल्या. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला आणि त्याची शेजाऱ्याची गरज संपली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही चाल बहुतेक ठिकाणी आठवणीपुरती उरली. आमिश आणि काही जुन्या वळणाचे मेनोनाइट यांच्यात मात्र ती टिकली. का टिकली, हा इतिहासाचा खरा प्रश्न. त्यांचे सुतार इतरांपेक्षा कुशल होते म्हणून टिकली, असे उत्तर पुरत नाही.

उत्तर शोधायला सव्वातीनशे-पाचशे वर्षे मागे जावे लागते. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात काही तरुण एका घरात जमले आणि त्यांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. जन्मलेल्या मुलाला धर्म कळत नाही, तेव्हा त्याला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, जाणत्या माणसाने स्वतः होऊन घेतला तोच खरा, असे त्यांचे म्हणणे. आज हे ऐकून यात एवढे काय, असे वाटेल. पण त्या काळी बाप्तिस्म्याच्या नोंदीवर राज्याची प्रजा ठरत असे. शिवाय हे लोक शपथ घेईनात, हाती शस्त्र धरीनात. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही सत्ता त्यांच्यावर उलटल्या. त्या घरात जमलेल्यांपैकी फेलिक्स मान्झ याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारले. पाण्याचा हट्ट धरता ना, घ्या पाणी, असा तो क्रूर न्याय. पुढे नेदरलँड्समध्ये मेनो सिमन्स नावाच्या पाद्र्याने १५३६ मध्ये आपले पद सोडले आणि या विखुरलेल्या लोकांना एकत्र केले. त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडले. १६९३ साली याकोब अम्मान याने अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरला आणि त्याचा गट वेगळा झाला. तेच आमिश.

छळ झालेला माणूस दोन गोष्टी शिकतो. राजाच्या दारी न्याय मागायला जायचे नाही, आणि आपल्या माणसाला सोडायचे नाही. तुरुंगात पडलेल्याची बायकामुले कोण सांभाळणार? सरकार तर मारायला निघालेले. मग मंडळीनेच सांभाळायची. आज ज्याला आपण परस्परसाहाय्य म्हणतो ते त्यांच्याकडे अशा रीतीने, संकटातून, धर्माचे अंग बनले. विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या गृहस्थाला १६८१ मध्ये अमेरिकेत वसाहतीची सनद मिळाली आणि त्याने कोणत्याही पंथाच्या लोकांना तिथे येऊ दिले. मेनोनाइट शेतकरी १७१० मध्ये लँकेस्टर भागात वसले, आमिश पुढच्या काही दशकांत आले. युरोपात जे आमिश मागे राहिले ते हळूहळू इतरांत मिसळून गेले. जर्मनीतली त्यांची शेवटची मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी पाच-सहा हजार असलेले हे लोक २०२४ मध्ये ४ लाखांच्या घरात गेले होते.

त्यांचा समाज लहान लहान मंडळ्यांत वाटलेला आहे. एका मंडळीत साधारण २० ते ४० कुटुंबे. त्यांना चर्चची इमारत नाही. एक रविवार सोडून एक, पाळीपाळीने कोणाच्या तरी घरी उपासना होते. घर नसेल पुरत तर कोठारात. बाकडी गाडीतून घरोघर फिरतात. मोटार विकत घ्यायची नाही, घोडागाडी वापरायची. मोटार हे पाप आहे असे ते मानत नाहीत, भाड्याच्या मोटारीत बसतातही. लांबच्या कोठार उभारणीला बस करून जातात, चालवणारा मात्र बाहेरचा. पण मोटार घरात आली की माणूस वीस कोसांवरचे मित्र जोडतो आणि बांधावरच्या शेजाऱ्याला विसरतो, असे त्यांचे मत. घोडा दमतो, त्यामुळे शेजारी जवळच राहतो. मला स्वतःला हा विचार पुरता पटत नाही, पण तो वेडगळ आहे असे म्हणवत नाही.

विम्याचेही तसेच. संकट आले तर देवावर आणि मंडळीवर भरवसा ठेवायचा. कंपनीला हप्ता भरला म्हणजे तो भरवसा पैशावर ठेवला. आग आणि वादळ यांच्यासाठी त्यांची स्वतःची मदतीची व्यवस्था आहे. नुकसान झाले की वर्गणी गोळा करून लाकडा-खिळ्यांच्या खर्चाचा भार उचलायचा. मजुरी तर फुकटच.

ही गोष्ट किती गंभीरपणे घेतली जाते, हे एका शेतकऱ्याच्या घोड्यांवरून सगळ्या अमेरिकेला कळले. १९५५ पासून स्वतंत्र धंदा करणाऱ्या शेतकऱ्यांनाही सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेत आणण्यात आले. हप्ता भरा, म्हातारपणी पेन्शन घ्या. आमिश लोक म्हणाले, आमची म्हातारी माणसे आम्ही सांभाळतो, आम्हाला पेन्शनही नको आणि हप्ताही नको. प्राप्तिकर आणि घरजमिनीचा कर ते बिनबोभाट भरत होते. हा मात्र त्यांना विम्याचा हप्ता वाटला. पश्चिम पेनसिल्व्हेनियात न्यू विल्मिंग्टनजवळ व्हॅलेंटाइन बायलर नावाचा आमिश शेतकरी राहत होता. त्याच्याकडे थकबाकी तीनशे डॉलरच्या आसपास. १९६१ च्या वसंतात, तो नांगर धरून रानात उभा असताना, कर खात्याची माणसे आली आणि त्यांनी तीन घोडे सोडून नेले. पेरणीचे दिवस! घोडे लिलावात विकले, थकबाकी आणि खर्च वळता करून घेतला, आणि उरलेली किरकोळ रक्कम त्याच्या हाती ठेवली. ऐन पेरणीत औताची जनावरे नेणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतही गहजब झाला. गंमत पाहा, सरकारचा हेतू वाईट नव्हता. ते त्याला म्हातारपणाची काठी देऊ पाहत होते, आणि त्यासाठी त्याचे आजचे हातपाय काढून नेत होते.

अखेर १९६५ च्या कायद्यात सूट मिळाली. जो पंथ १९५० च्या अखेरीपासून अस्तित्वात आहे, विम्याला धर्माने विरोध करतो आणि आपल्या निराधारांना खरोखर सांभाळतो, त्याच्या स्वतंत्र धंदा करणाऱ्या सभासदांना हप्ता माफ. शेवटची अट मला महत्त्वाची वाटते. नुसते धर्माचे नाव सांगून भागत नाही, म्हाताऱ्यांना सांभाळून दाखवावे लागते. पुढे १९८२ मध्ये, मजूर कामाला ठेवणाऱ्या एका आमिश शेतकरी-सुताराचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो हरला. मालक झालास तर मजुरांचा हप्ता भर, असा निकाल. मालक आणि मजूर दोघेही त्याच पंथाचे असतील तर सूट, हा कायदा १९८८ मध्ये झाला.

म्हणजे, वाचकहो, ते कोठार नुसते शेजारधर्माने उभे राहत नाही. त्याच्यामागे नाकारलेल्या वस्तूंची एक लांब रांग आहे. विमा नाही, म्हणून शेजारी लागतो. मोटार नाही, म्हणून शेजारी जवळ राहतो. ज्यांनी या गोष्टी स्वीकारल्या त्यांची प्रथा गेली. ते लोक वाईट होते असे नाही, त्यांना तिची गरज उरली नाही एवढेच.

पेनसिल्व्हेनियात मिफ्लिन जिल्ह्यात बिग व्हॅली नावाचे एक लांबोडके खोरे आहे. तिथे आमिश लोकांचे तीन निरनिराळे गट राहतात. त्यांच्या घोडागाड्यांच्या टपांवरून ते ओळखू येतात. एकाचे टप पांढरे, एकाचे पिवळे, एकाचे काळे. छपराची पन्हळ किती पुढे असावी, विजारीला किती पट्टे असावेत, असल्या गोष्टींवरून गट पडलेले. उपासना वेगवेगळी, सोयरीक वेगवेगळी. आपण हसू नये, आपल्याकडे याहून बारीक कारणांवरून पंगती मोडल्या आहेत. तर या खोऱ्यात १४ मार्च १९९२ च्या रात्री कोणी तरी एकामागून एक कोठारांना आग लावीत गेला. सहा कोठारे जळून खाक झाली. शंभराहून अधिक गाई आणि घोडे दावणीला बांधलेले होते तसेच मेले. थंडी संपलेली नाही, उरलेल्या गुरांना आडोसा नाही, चारा नाही. आसपासचे मेनोनाइट, आमिश नसलेले शेजारी आणि परराज्यांतले आमिश धावून आले. राख उपसण्यापासून सुरुवात झाली आणि थोड्याच आठवड्यांत कोठारे पुन्हा उभी राहिली. आग लावणारा पुढे पकडला गेला. त्याला क्षमा केल्याचे तिथल्या आमिश लोकांनी सांगितले. क्षमा केली म्हणजे दुःख झाले नाही असे नव्हे. गाईंचे हंबरणे ज्यांनी ऐकले त्यांच्या कानांतून ते जाणार कसे?

मेनोनाइटांनी तर ही प्रथा आपल्या पंथाबाहेर नेली. त्यांच्यातले बहुतेक लोक आज मोटार वापरतात, कॉलेजात शिकतात, तुमच्याआमच्यासारखेच दिसतात. १९५० साली कॅन्सस राज्यात त्यांनी आपत्तीत मदत करणारे एक मंडळ काढले. पूर किंवा वादळ आले की हातोड्या घेऊन जायचे आणि कोणाही परक्याचे घर उभे करून द्यायचे. २००५ च्या कतरिना वादळानंतर त्यांनी दक्षिणेकडे घरे बांधली, त्यात आमिश सुतारही होते. आणि आपल्याशीही त्यांचा संबंध आलेला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी हिंदुस्थानात धान्य पाठवले, आणि १८९९ मध्ये त्यांचे मिशनरी धमतरीला येऊन राहिले. धमतरी तेव्हा मध्यप्रांतात होती आणि मध्यप्रांताची राजधानी नागपूर. आज ती छत्तीसगडात आहे. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो लपवायचे कारण नाही. पण छप्पनियाच्या दुष्काळात अनाथ मुलांना त्यांनी आसरा दिला, हेही खरे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की सुखी समाज असावा तर असा. मला तसे म्हणता येत नाही. या सुखाला किंमत आहे, आणि ती सगळे सारखी देत नाहीत. आमिश मुलांचे शिक्षण आठवीला थांबते. मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिला घर सोडावे लागते. बाप्तिस्मा घेऊन एकदा मंडळीत आल्यावर नियम मोडला आणि चूक कबूल केली नाही, तर बहिष्कार. घरचीच माणसे त्याच्याबरोबर एका टेबलाशी जेवत नाहीत, त्याच्या हातून वस्तू घेत नाहीत. १६९३ ची फूट मुख्यतः याच मुद्द्यावरून पडली होती. ज्या घट्ट विणीमुळे दोनशे माणसे एका हाकेला येतात, तिच्याचमुळे एखादा माणूस बाहेर फेकला जातो. विणीचा एक गुण घ्यावा आणि दुसरा सोडावा असे करता येत नसावे. निदान पाचशे वर्षांत त्यांना तरी ते जमलेले नाही.

आमिश समाजावर सर्वांत जाणता ग्रंथ लिहिणारे जॉन हॉस्टेटलर त्याच बिग व्हॅलीत १९१८ मध्ये जन्मले. त्यांच्या वडिलांना मंडळीने बहिष्कृत केले होते. ते स्वतः आमिश न राहता मेनोनाइट झाले आणि प्राध्यापक झाले. त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. आपल्या बापाला टेबलावरून उठवणाऱ्या समाजाविषयी हा माणूस कडवट लिहील असे वाटते. तसे झाले नाही. विस्कॉन्सिन राज्याने आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आमिश बापांवर खटला भरला, तेव्हा याच हॉस्टेटलरांनी तज्ज्ञ म्हणून आमिश लोकांच्या बाजूने साक्ष दिली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये आमिश पालक जिंकले. शिक्षकबंधूंना हा निकाल आवडणार नाही. मलाही तो सहज गिळता येत नाही.

एक गोष्ट राहिली. १६३२ मध्ये डोर्ड्रेख्ट गावी मेनोनाइटांनी आपल्या श्रद्धेची १८ कलमे लिहून काढली. आमिश तरुणांना बाप्तिस्म्याआधी ती आजही शिकवतात. त्यांतल्या बहिष्काराच्या कलमातच एक अट घातलेली आहे. बहिष्कृत माणूस भुकेला, उघडा किंवा अडचणीत असेल तर त्याला मदत करणे मंडळीचे कर्तव्य आहे. म्हणजे उद्या वीज पडून त्याचे कोठार जळाले, तर शेजाऱ्यांनी हातोड्या घेऊन त्याच्या अंगणात यायला हरकत नाही. छप्पर चढेल, भिंती ठोकल्या जातील. दुपारी जेवणाची हाक आली की पंगत मोठ्या टेबलाशी बसेल, आणि ज्याचे कोठार, त्याचे ताट शेजारच्या लहान टेबलावर वेगळे मांडलेले असेल.